नऊ नाने आणि तीन अल्बा

सोप्राकोर्दा, १२ ऑक्टोबर १९५८

नेरिनाताई,

हे पत्र मी ऑगस्टपासून टाळतोय, खोटं कशाला बोलू. ‘नेरिनाताई’ एवढा एकच शब्द ऑगस्टात लिहून ठेवला होता. त्या कागदावर चीजचा तुकडा ठेवला, मग तो कागद शेळीनं खाल्ला. शेळीच्या मालकाशी भांडायला गेलो तर कळलं, त्याच्या आजोबांनी नदीतून ओंडक्यांचे तराफे नेले होते, थेट समुद्रापर्यंत. म्हणून भांडण सोडून त्याच्याबरोबर वरच्या कुरणात गेलो आणि सप्टेंबर तिथेच संपला. असं होतं बघ माझं.

सध्या लाकडाच्या वखारीत ओंडके सोलतो. हातांना राळेचा वास येतो, तो आपल्या मासळीच्या वासापेक्षा चिवट आहे. राहायला तिल्दाबाईंकडे आहे. त्यांना आपल्या व्हालनेराबद्दल काही सांगितलं की त्यांना वाटतं मी थापा मारतोय.

“तिघांत दोघं बोस्केल? मग हाक कशी मारता एकमेकांना?”

म्हटलं, घरनावानं. चुळबुळे बोस्केल म्हणजे आम्ही. मग बादले, कोंबडे, रेडे, दोनशिडे. बोस्केल हे आडनाव सरकारला आणि थडग्याला. बाकी सगळा कारभार घरनावावर.

“आणि बोस्केलनं बोस्केलशी लग्न केलं तर?”

“चांगलंच की. चादरींवर भरलेली माहेरच्या आडनावाची अक्षरं उसवावी लागत नाहीत.”

त्या हसल्या आणि मला एकदम वाईट वाटलं. कारण तेच तर अडलंय ना. जुने फादर असते तर चुळबुळ्यांचा नाने आणि बादल्यांची अल्बा, घरं वेगळी, रक्त वेगळं, करा लग्न, असं म्हणाले असते. हे फादर एर्मेते पडले मुख्य भूमीचे. यांना घरनाव म्हणजे चिडवायचं नाव वाटतं. आडनाव एक म्हणजे मूळ एक. मूळ वेगळं असल्याचा पुरावा आणा, नाहीतर बिशपांची माफीची चिठ्ठी. आणि मोमोलोकाका म्हणणार, “माझ्या पोरीनं काय पाप केलंय माफी मागायला? पुरावाच आण.” म्हणून मी छाती काढून म्हणालो होतो, आणतो. अकरा महिने झाले. नऊ गावांतल्या चर्चच्या वह्या उघडल्या. बोस्केल म्हणजे रानातला, हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण साऱ्या रानात एक बोस्केल नाही! आपल्या बेटावर धड झाड नाही आणि बोस्केल चौदाशे. इथे झाडं मोजता येत नाहीत आणि बोस्केल मी एकटा.

अल्बाबद्दल काही विचारत नाही. फक्त एवढं सांग, दोनशिड्यांचा ओर्फेओ त्याची मोटरबोट अजून बादल्यांच्या घरासमोरच धुतो का? त्याच्या स्वतःच्या घरासमोर पाणी नाही का? आणि धुताना शर्ट काढतो का? सहज विचारतोय.

तुझा नाने

व्हालनेरा, २६ ऑक्टोबर १९५८

नाने,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, त्या शेळीला तरी वाचायची घाई होती.

आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा तुझ्यापेक्षा नियमित बातमी देतो, दुखला की वारा फिरतो. मी जाळी विणते. तू गेल्यापासून तुझ्या वाटणीचीही विणते, हे लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

विचारलंस म्हणून सांगते. हो, तो बोट तिथेच धुतो. शर्टाकडे माझं लक्ष नसतं. मध्यंतरी अकॉर्डियन घेतलंय त्यानं. एकच गाणं येतं, पण ते येतं.

आणखी एक. परवाच्या रविवारी प्रार्थनेनंतर फादर एर्मेतेंनी लग्नाची पहिली घोषणा वाचली. ते घरनावं वाचत नाहीत, तुला माहीतच आहे. म्हणाले, “ओर्फेओ बोस्केल आणि अल्बा बोस्केल. कोणाची हरकत असल्यास कळवावं.” सगळं चर्च कुजबुजलं. अजून दोन रविवार वाचतील, मग लग्न.

मला चूल बघायची होती, म्हणून मी लगेच निघाले. तुला कळवणं माझं काम, कळवलं. हरकत कळवायला डोंगर उतरावा लागतो म्हणतात.

नेरिना

सोप्राकोर्दा, २ नोव्हेंबर १९५८

ताई,

म्हणजे त्याला पुरावा लागला नाही! तो काय बोस्केल नाही? की मोटर असली की मूळ आपोआप वेगळं होतं? मला मोमोलोकाका म्हणणार, बादल्यांची पोर माफी मागणार नाही, आणि त्या दोन शिडांच्या हवेनं भरलेल्यासाठी चिठ्ठी बरी चालली! कोणी आणली चिठ्ठी? काकांनी? स्वतः? बोटीत बसून, मागे अकॉर्डियन वाजत असताना?

तुझं पत्र मी वखारीत वाचलं आणि एक आख्खा ओंडका सोलला, मग लक्षात आलं की तो आधीच सोललेला होता. मुकादम म्हणाला, “समुद्रवाल्या, अरे लाकूड संपलं, आता हवा सोलतोयस.”

मला सगळ्यांचा राग आलाय. तुझाही. तू तिला रोज बघतेस. पाण्यावर जाताना बघतेस, धुणं वाळत घालताना बघतेस आणि मला एका ओळीत कळवतेस. त्या मेल्या धक्क्याचाही राग आलाय, तो तिच्या पायाखाली असतो आणि त्याला काही वाटत नाही.

मी तिला लिहिलंय. चार पानं. एका बैठकीत, शेळीबिळी काही मध्ये आली नाही. जे जे मनात होतं ते सगळं लिहिलं. तुझा तो ओर्फेओ आरशात बघून भांग पाडतो आणि वल्हं मारताना हाताला फोड येतो त्याच्या, हे लिहिलं. मिठाच्या धक्क्यावर मी माझ्या कोटाचं बटण तोडून तुला दिलं होतं, ते परत पाठव, हेही लिहिलं. कोट तेव्हापासून उघडाच आहे.

आणि पाकिटावर मुद्दाम घरनाव घातलं नाही. ‘अल्बा बोस्केल, व्हालनेरा.’ बस. मी ओळखत होतो ती बादल्यांची अल्बा. ही कोण, मला माहीत नाही.

तू काही समजावू नकोस.

नाने

व्हालनेरा, १६ नोव्हेंबर १९५८

गाढवा,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस, बस कुठेतरी.

व्हालनेरात अल्बा बोस्केल तीन आहेत. एक बादल्यांची, एक कोंबड्यांची आणि तिसरी सत्तर वर्षांची. पोस्टमननं तुझं पाकीट हातात घेतलं, घरनाव नाही हे बघून डोकं खाजवलं आणि विचार केला, सध्या कुठली अल्बा गाजतेय? जिचं लग्न ठरलंय ती. आणि नेऊन दिलं कोंबड्यांच्या अल्बाला.

हो, कोंबड्यांच्या. लग्न तिचं आहे. आणि नवरा रेड्यांचा ओर्फेओ, तो दांडगा, दारातून आत येताना वाकतो तो. ती दोघं तीन मंगळवार बिशपांच्या कचेरीत रांगेत उभी राहिली आणि चिठ्ठी घेऊन आली. कुठे रानात गेली नाहीत.

मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तुला लिहिताना घरनाव मीच गाळलं. वाटलं, पोटात आग पडली तर परत येशील. तू परत आला नाहीस, आग तेवढी पोस्टानं पाठवलीस. निम्मी चूक माझी आहे, पण बाकीची निम्मी फार मोठी आहे.

आता काय झालं ते ऐक. कोंबड्यांची अल्बा डोक्यावर लग्नाची जाळी घालून बसली होती, भोवती आत्या, मावश्या. पत्र तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं, शुभेच्छा असतील म्हणून. दुसऱ्या ओळीला आवाज बसला. मग तिच्या आत्यानं वाचलं, त्या आत्याचा आवाज कधीच बसत नाही. संध्याकाळपर्यंत रेड्यांचा ओर्फेओ रस्त्यावर. खाली सही नुसती ‘नाने’. बेटावर नाने बोस्केल नऊ. तो नऊच्या नऊ दारांत गेला.

“माझ्या अल्बाला बटण कोणी दिलं?”

एक नाने चार महिन्यांचा आहे, तो रडला. एक एक्याऐंशीचा आहे, त्यानं आधी “मीच दिलं असेल” म्हणून सांगितलं आणि आतून त्याच्या बायकोनं काठी आणली. आपल्या दारात आला तेव्हा आई म्हणाली, “आमचा नाने डोंगरात आहे, आणि त्याला पत्र लिहिता येत नाही, आम्ही वर्षभर बघतोय.” आईनं किती मनापासून सांगितलं, तुला कळणार नाही.

लग्न मोडायला आलं होतं. पोरगी रडून रडून सुजली. मग बादल्यांची अल्बा आली. तिनं बटणाचं ऐकलं होतं, सगळ्या बेटानं ऐकलं होतं. कोंबड्यांच्या अंगणात पन्नास माणसं उभी, त्यांच्यामधून चालत गेली, आत्याच्या हातातून पत्र घेतलं आणि म्हणाली, “हे माझं आहे.” एवढंच. वळली आणि घरी गेली. दोनशिड्यांचा ओर्फेओही तिथे उभा होता. अकॉर्डियनशिवाय.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. म्हटलं, काही निरोप देऊ का नानेला? ती जाळं झटकत होती. म्हणाली, “वर्षभरात दोन पोस्टकार्डं आली. एकावर धबधबा, एकावर गाय. आणि राग आला तर चार पानं. ते चालेल मला, निदान अक्षर दिसलं. पण ताई, त्यानं पाकिटावर बादले लिहिलं नाही. माझं घर पुसलं त्यानं. मग मी कोण? तीन अल्बांतली कुठलीही?”

निरोप काही दिला नाही. बटणही दिलं नाही, हे तुझं नशीब. की दुर्दैव, मला माहीत नाही.

नेरिना

सोप्राकोर्दा, ७ डिसेंबर १९५८

ताई,

तीन आठवडे मी लिहिलं नाही, ते या वेळी टाळलं म्हणून नाही. लाज वाटत होती. रेड्यांच्या ओर्फेओला सांग, मी आलो की तो मला एकदा मारू शकतो. दोनदाही. तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं, एक दिवस जमलं.

अंगणातून ती पत्र घेऊन गेली हे मी इतक्या वेळा वाचलंय की कागद घडीवर फाटलाय. आणि लगेच पुढे, तिथे दोनशिड्यांचा ओर्फेओ उभा होता हेही वाचतो. तो का उभा होता? त्याचं काय काम कोंबड्यांच्या अंगणात? त्यानं तिला चालताना पाहिलं, मी नाही. बघ, अजून सुटत नाही माझ्यातून.

आता महत्त्वाचं. परवा तिल्दाबाई मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळत होत्या. मी कुरकुर करत होतो की वर्ष घालवलं, दहाव्या गावातही बोस्केल नाही.

त्या म्हणाल्या, “वखारीत तुला काय म्हणतात?”

“समुद्रवाला.”

“तुझ्या बेटावर तुला कोणी समुद्रवाला म्हणेल?”

“कसं म्हणतील? तिथे सगळेच समुद्रवाले.”

“मग इथे कोणाला रानातला म्हणायचं? मला? मुकादमाला? का शेळीला?” आणि पळी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, “असा कसा रे तू? वर्षभर चालतोयस आणि उलट्या दिशेला चालतोयस.”

ताई, मी पोलेंता तसाच ठेवून उठलो. बोस्केल हे नाव इथे कधी पडलंच नाही! ते आपल्याकडे पडलं. नदीतून तराफे घेऊन कोणी एक उतरला, परत गेला नाही, बेटावर राहिला. आपले म्हणाले, हा रानातला, बोस्केल. दहा वर्षांनी दुसऱ्याच खोऱ्यातून दुसरा उतरला, तोही बोस्केल. मग तिसरा. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. सगळे फक्त एकाच दारातून आत आले. म्हणून तर घरनावं लागली.

तेव्हा पुरावा असलाच तर आपल्या चर्चमधल्या सगळ्यात जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीत असणार. कोण कुठल्या खोऱ्यातून आला, ते तिथे लिहिलेलं असेल. म्हणजे मी जे शोधायला निघालो ते फादर एर्मेतेंच्या कपाटात, धक्क्यापासून चाळीस पावलांवर. हस.

एक सांगतो, आईला वाचून दाखवू नकोस. मला मूळबीळ शोधायचं नव्हतं. मला फक्त जायचं होतं. आणि मी जाईन तिथे जाईन, पण ती धक्क्यावर आहे तिथेच उभी राहावी, कोणी तिच्याकडे बघू नये, असं वाटत होतं. मी नसताना तिच्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाचा मला राग येतो, आणि नसतो तर मीच.

तू तेवढी वही बघ. सोबतची चिठ्ठी तिला दे. पाकिटावर पूर्ण नाव लिहिलंय, बघून घे: अल्बा बोस्केल, बादल्यांच्या घरची.

नाने

व्हालनेरा, २१ डिसेंबर १९५८

नाने,

घाईत लिहितेय, सण तोंडावर आहे.

वही बघितली. फादर एर्मेते आधी तयार नव्हते. म्हणाले, जुना कागद आहे, हात लावू नका. मी अल्बाला घेऊन गेले होते. तिनं हातमोजे चढवले, तेच कापडी, जे घालून ती चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या दांड्या पुसते, आणि म्हणाली, “आता?” पानं तिनंच उलटली. फादरांनी लॅटिन वाचलं. तिसऱ्या पानावर फादर थांबले, चष्मा पुसला आणि परत वाचलं.

मार्तीनो, रानातला, सोप्राकोर्दा गावचा, त्याचा मुलगा. पुढे बारीक अक्षरांत: बादली घेऊन आलेला.

हो, सोप्राकोर्दा. तू बसलायस तेच गाव. बादले तिथले.

चुळबुळे आले चव्वेचाळीस वर्षांनी, पलीकडच्या फोंतानेर्ता खोऱ्यातून. तेव्हाच्या फादरांनी आपल्या माणसासमोर लिहिलंय, ‘एका जागी बसत नाही’. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “वहीला काय कळतं, मी बाळंतपणातच ओळखलं होतं.”

फादर एर्मेतेंनी वही मिटली. मग म्हणाले, मूळ वेगळं आहे, माझी हरकत नाही. आणि जाताना अल्बाला म्हणाले, “बरंय, बादले.” पहिल्यांदाच म्हणाले असं कोणाला.

संध्याकाळी मोमोलोकाकांना सांगितलं. काका जाळं शिवत होते. सोप्राकोर्दा हे नाव त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. होही नाही, नाहीही नाही. सुई खोचली आणि आत गेले. तुला माहीतच आहे, साठ वर्षांत हा माणूस जमिनीवर चर्चच्या पुढे गेलेला नाही. आतलं कळत नाही.

तुझी चिठ्ठी अल्बानं घेतली. पाकीट बराच वेळ बघत होती. उत्तर दिलं नाही.

आणि लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून सांगते. नाताळासाठी दोनशिड्यांच्या ओर्फेओनं बादल्यांकडे वाम पाठवलीय. हाताएवढी जाड. या वर्षी बेटावर तेवढी मोठी कोणी धरली नाही. काकांनी ठेवून घेतली.

नेरिना

सोप्राकोर्दा, ६ जानेवारी १९५९

ताई,

ती वाम माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

नाताळच्या रात्री तिल्दाबाईंनी काय काय केलं होतं, मला चव लागली नाही. मी मनात बघत होतो, बादल्यांच्या टेबलावर ती वाम आहे, काकांनी पहिला तुकडा घेतला, मग अल्बाला वाढला. तिनं खाल्ला का? तोंड पुसलं का? ओर्फेओ दाराशी उभा होता का? वाम ठेवून घेतली म्हणजे काय ते व्हालनेरात सगळ्यांना कळतं. नको असती तर त्याच संध्याकाळी परत गेली असती. वही उघडून मूळ सापडलं, पण तोवर टेबलावर दुसऱ्याचा मासा.

मी निघणारच होतो. कोट घातला, उघडाच, पिशवी भरली. आणि बर्फ पडला. अकरा दिवस खालचा रस्ता बंद. या अकरा दिवसांत मी कुठेही गेलो नाही, कशातही रमलो नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा. शेळीचा मालक दोनदा बोलवायला आला. नाही म्हटलं. रस्ता काल उघडलाय, उद्याची पहिली गाडी पकडतो. तिनं वाम खाल्ली असेल तर तिच्या तोंडून ऐकतो. तू मध्ये पडू नकोस. एवढं मात्र कर, दोनशिड्यांच्या ओर्फेओला

थांब. खाली कोणीतरी ओरडतंय.

“चुळबुळे! ए चुळबुळ्या!”

ताई, या डोंगरात मला या नावानं हाक मारणारं कोणी नाही. इथे मी समुद्रवाला. काचेवरचा बर्फ पुसला. चौकात एक म्हातारा उभा आहे, पाय फाकवून, जशी जमीन हलतेय. डोक्यावर कोळ्याची लोकरी टोपी, हातात बादली, तिला वरून फडकं बांधलंय. मोमोलोकाका! आगगाडीनं, मग बसनं, आणि शेवटचा चढ पायी आलेत बहुतेक, गुडघ्यापर्यंत बर्फ आहे. चौकातली झाडं एकेक करून वर टोकापर्यंत बघतायत.

तिल्दाबाई दारात गेल्या. विचारतायत, “कुठले तुम्ही?”

“इथलाच,” काका म्हणतायत. “बोस्केल. जरा उशीर झाला.”

आता त्यांनी मला खिडकीत पाहिलं. बादली वर धरलीय. खिडकी उघडताच वासानं कळलं, व्हिनेगरात मुरवलेलं काहीतरी आहे. ओरडतायत, “त्या दोनशिड्याची वाम आहे ही! अल्बा हात लावत नाही हिला, म्हणते, ज्याला हिच्यावरून झोप लागत नसेल त्यालाच नेऊन द्या! खाली ये, आणि कोटाचं बटण पोरीनं दिलंय, ते आधी घे, मग तुझं रान दाखव!”

ताई, माझे बूट सापडत नाहीयेत.